चूक सारखी आली की

माझे साडू ज्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतील अशी गोष्ट परमेश्वराने अजून निर्माण केलेली नाही, आणि केली असलीच तर ती त्याने मुद्दाम दडवून ठेवली आहे, असा साडूंचा संशय आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, सगळं मंठा गाव त्यांना सर म्हणतं, आणि मीही सरच म्हणतो. कारण एकदा लाडात येऊन 'साडूभाऊ' अशी हाक मारली, तर यात याचा काय डाव आहे म्हणून ते दिवसभर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बैठकीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन घड्याळं आहेत. एका घड्याळाचा काय भरवसा, म्हणून दुसरं. दोन्हींत मिनिटभराचा फरक पडला तर ते समजून घेतात. पण दोन्ही तंतोतंत जुळलेली दिसली की अस्वस्थ होतात आणि मनगटावरचं तिसरं बघतात. मेथीची जुडी घेताना ती सोडून आतलं गवत बघतात. रक्तदाब दोन्ही हातांचा मोजून घेतात, आणि दोन्हीकडे एकच आकडा आला तर डॉक्टरांना चष्म्याच्या वरून न्याहाळतात. एकदा एका लग्नाला जाताना आम्ही वडीगोद्रीला हायवेवर चहाला थांबलो. हॉटेलावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी होती. सर गाडीतून उतरलेच नाहीत. "शुद्ध कशापायी लिहिलं? कुणी विचारलं होतं का ह्याला?" पुढच्या हॉटेलावर पाटीच नव्हती. "बघा, लिहायचीसुद्धा हिंमत न्हाई." त्या दिवशी चहा आम्हाला लग्नघरीच मिळाला.

बत्तीस वर्षं त्यांनी मंठ्याच्या शाळेत गणित शिकवलं, पण पंचक्रोशीत नाव झालं ते शिकवण्यापेक्षा सुपरव्हिजनमुळे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं म्हणे 'पेपर सोपा जाऊ दे' असा नवस न बोलता 'दुसऱ्या खोलीत नंबर येऊ दे' असा बोलायची. चपलेचा आवाज न करता चालणं, खिडकीच्या काचेत मागची रांग बघणं, पाठमोरं उभं राहून एकदम गर्रकन वळणं, या विद्या त्यांना उपजत होत्या. एका मार्चमध्ये आष्टीच्या केंद्रावर, बाहेर उन्हाच्या झळा लागत असताना, एक पोरगा स्वेटर घालून बसलेला त्यांना दिसला. मार्च महिना आणि स्वेटर! सरांना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी त्याला उभं केलं, बाह्या उलट्या केल्या, गळा चाचपला, शिवण उसवायची तेवढी बाकी ठेवली. आत सापडला फक्त ताप. पोरगं फणफणलेलं होतं. मग पेपर संपेपर्यंत सर त्याला स्वतःच्या हाताने पाणी पाजत होते, सुटल्यावर मोटारसायकलवर मागे बसवून त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं, आणि पुढच्या पेपरला त्याच्यासाठी आमच्या अक्कांकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून, मुगाच्या खिचडीचा डबा करून नेला. डबा त्याच्या हातात देण्याआधी तो उलटा करून तळाला चिठ्ठी चिकटवलेली नाही ना, हे मात्र त्यांनी बघितलं. डबा स्वतःच्या घरचा होता.

संगणक शिकायची लोकांची कारणं वेगवेगळी असतात. सर तो शिकले, ते त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली असताना शाळेत निकाल तयार करायचं सॉफ्टवेअर आलं, आणि ज्या पोराला सरांनी गणितात चौतीस गुण दिले होते तो पस्तीसने पास झालेला निघाला. क्लार्क म्हणाला, "सर, संगणकानं केलंय." सर म्हणाले, "आन संगणकाला कुणी सांगितलं?" मी तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम मंठ्यात घरी बसून करायला नुकतीच सुरुवात केली होती. सर दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन माझ्या दारात. "हे प्रोग्रॅम का काय असतं, ते मला आतून दाखवा. बाहेरून चांगलंच दिसतं सगळं." तीन महिन्यांत त्यांनी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि सहाव्या महिन्यात माझेच प्रोग्रॅम तपासायला. मी धंद्याने प्रोग्रॅमर. पण माझ्या कामातली चूक कंपनीच्या तपासनिसांच्या आधी साडूंना सापडते, हे मी कंपनीला अजून कळू दिलेलं नाही.

अशा माणसाला डिसेंबरातल्या कोड्यांची चटक लागली ती माझ्यामुळे. नाताळच्या सुट्टीच्या निमित्ताने इंटरनेटवर पहिल्या डिसेंबरपासून पंचविसापर्यंत रोज एक कोडं टाकणारी साइट आहे. कोडं वाचायचं, प्रोग्रॅम लिहायचा, उत्तराचा आकडा भरायचा. बरोबर आला की त्याच कोड्याचा दुसरा, अवघड भाग उघडतो. बक्षीस काहीच नाही. जगभरचे प्रोग्रॅमर यासाठी झुरतात. तिकडे रात्रीचे बारा वाजले की कोडं उघडतं, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेदहा. सरांची पहिली शंका तिथेच निघाली. "रात्री बाराला उघडायचं कशाला? चांगलं काम माणूस दिवसा करतो." दुसरी शंका, बक्षीस नाही तर यात त्यांचा फायदा काय. तिसरी शंका कोड्यातल्या गोष्टीवर. दरवर्षी एका बर्फातल्या गावातला पोस्टमन असतो आणि त्याची पार्सलं रोज नव्या तऱ्हेने हरवतात; ती आपण गणित करून शोधून द्यायची. "रोज पार्सल हरवून राह्यला," सर म्हणाले, "आन अजून निलंबित न्हाई? वरपर्यंत हात असंल त्याचा." पंचवीस दिवस त्यांनी त्या पोस्टमनवर जी नजर ठेवली, ती बघून मला त्या बिचाऱ्याची दया यायला लागली.

पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली आणि सर त्या साइटला कायमचे जोडले गेले. या कोड्यांत कोडं सगळ्यांना एकच असलं तरी आकड्यांची यादी प्रत्येकाला वेगळी मिळते, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर वेगळं. हे मी सरांना सांगितलं होतं. त्यांचा अर्थातच विश्वास बसला नाही. माझी पाठ वळताच त्यांनी माझं उत्तर बघितलं आणि स्वतःच्या नावावर भरलं. साइटने उत्तर नाकारलं आणि वर असंही सांगितलं, की हे उत्तर बरोबर आहे खरं, पण दुसऱ्या कुणाचं तरी. जन्मभर कॉपी पकडलेला माणूस कॉपी करताना पकडला गेला! मला वाटलं, आता चिडतील. सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोरीचं लग्न ठरल्यासारखा आनंद होता. "साडूभाऊ," ते म्हणाले, आणि ही हाक मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकली, "बत्तीस वर्षांत पहिला सुपरवायझर भेटला." अक्कांनी त्या दिवशी शिरा केला. कुणाचा वाढदिवस आहे ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हळूहळू आमचा चौघांचा कंपू जमला. मी, सर, आष्टीच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या स्वाती मॅडम, आणि प्रल्हाद. प्रल्हादचं घर मंठ्याच्या बाहेर दोन-तीन किलोमीटरवर. वडील अजून मेंढरं राखतात आणि हा घराच्या ओसरीत बाजेवर लॅपटॉप ठेवून हैदराबादच्या कंपनीचं काम करतो. तोही सरांचाच विद्यार्थी. पण मंठ्यात सरांचा विद्यार्थी नसलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळे ते विशेष कुणाच्या लक्षात राहत नाही. एरवी आम्ही आपापल्या घरून फोनवर एकत्र यायचो. सरांचा नियम असा, की कॅमेऱ्यात तोंड दिसलं नाही तरी चालेल, दोन्ही हात दिसले पाहिजेत. स्वाती मॅडम एकदा डोकं खाजवायला हात वर करून गेल्या तर "मॅडम, उजवा हात कुठाय?" अशी विचारणा झाली. आणि रविवारी मात्र प्रत्यक्ष हजेरी, सरांच्या बैठकीत. चार कोपऱ्यांत चार खुर्च्या, तोंडं भिंतीकडे, सगळ्यांचे फोन अक्कांच्या पोह्यांच्या डब्यात बंद. साडेदहाला सर स्टीलच्या ताटावर चमचा आपटून घंटा द्यायचे. कोडं सुटल्यावर प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम कागदावर छापायचा आणि सरांनी तो लाल पेनने तपासायचा. नाताळची गंमत म्हणून जगात जे चालतं, त्याचं मंठ्यात असं बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र झालं होतं. आणि सांगू का, आम्हाला ते फार आवडायचं.

आवडायचं, कारण सरांचा संशय या खेळात सोन्यासारखा उपयोगी पडायचा. कोड्यासोबत सरावाला एक छोटं उदाहरण दिलेलं असतं. आमचं उत्तर उदाहरणाशी जुळलं की आम्ही नाचायला लागायचो, आणि खऱ्या यादीवर तोंडघशी पडायचो. सर उदाहरणाला 'गोडबोल्या' म्हणायचे. "गोडबोल्या बराबर बोलला म्हणजे पुढं खड्डा हाय." ते खऱ्या यादीतल्या ओळी प्रोग्रॅमला देण्याआधी डोळ्यांनी वाचून काढायचे, एकेका आकड्याकडे उत्तरपत्रिकेसारखं बघत. शेवटी एखादी रिकामी ओळ दडलेली असली तर ती त्यांना वासानेच कळायची. आमचे अडलेले कितीतरी प्रोग्रॅम त्यांनी असे सोडवले. फक्त एका बाबतीत त्यांचा संशय आम्हाला जड जायचा. प्रल्हाद फार लवकर सोडवायचा. आम्ही कोडं वाचून संपवतो न संपवतो तोच त्याचं "झालं सर" यायचं. हल्ली नुसतं कोडं दिलं की प्रोग्रॅम लिहून देणारी शहाणी यंत्रं निघाली आहेत, आणि आमचं ठरलेलं होतं की त्यांना हात लावायचा नाही. "हे तू केलं का त्या शहाण्यानं?" सर रोज विचारायचे. प्रल्हाद हसून म्हणायचा, "मीच केलं, सर." सर वहीत काहीतरी टिपायचे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणतात तसं, त्या टिपण्याने मीही प्रल्हादच्या हातांकडे जरा जास्तच बघायला लागलो होतो.

तिसऱ्या रविवारचं कोडं असं होतं. बर्फातल्या गावात लहानमोठी शेकडो चौकोनी मैदानं आहेत. प्रत्येक मैदानात दिव्यांच्या चौकटी एकात एक बसवल्या आहेत. सगळ्यात बाहेरची पेटलेली, तिच्या आतली विझलेली, तिच्या आतली पुन्हा पेटलेली, असं मध्यापर्यंत. एकूण किती दिवे पेटलेत ते पोस्टमनला हवं. मी आपला एकेक दिवा मोजत बसणारा प्रोग्रॅम लिहिला. स्वाती मॅडमनी त्यांच्या पद्धतीने प्रत्येक दिव्याची जागा नोंदवून काढली. दोघांचंही उत्तर उशिरा आलं, पण बरोबर आलं. प्रल्हाद सगळ्यांच्या आधी उठला आणि पहिल्यांदाच त्याचं उत्तर चुकलं. "कमी आहे" म्हणून साइटने परत पाठवलं. पाठोपाठ सरांचंही तसंच. उदाहरण दोघांचं बरोबर, खरी यादी दोघांची चूक.

स्वतःची चूक सरांना अर्ध्या तासात सापडली. त्यांचं सूत्र साधं होतं. चौकटीची बाजू पाच दिव्यांची असेल तर पाच चोक वीस, आणि कोपऱ्यातले चार दिवे दोनदा मोजले गेले म्हणून चार वजा, सोळा. बिनचूक. पण काही मैदानांच्या अगदी मध्यावर चौकट उरतच नव्हती, एकच दिवा उरत होता. एक चोक चार, वजा चार, शून्य. दिवा पेटलेला आणि मोजणीत नाही. उदाहरणातल्या एकाही मैदानात मध्यावर असा एकटा दिवा पेटत नव्हता. "गोडबोल्या!" सर मांडीवर थाप मारून म्हणाले. फार खुशीत होते. त्याच खुशीत त्यांनी आमचे कागद ओढले, आणि प्रल्हादच्या कागदावर लाल पेन थांबलं.

प्रल्हादच्या पहिल्या, चुकलेल्या प्रोग्रॅममध्ये अगदी तीच ओळ होती. चारने गुणा, चार वजा करा. एवढ्यावर भागलं असतं. पण प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मोजायच्या वस्तूला आपण काहीतरी नाव देतो. मी 'दिवा' दिलं होतं, मॅडमनी 'लॅम्प'. सरांनी दिलं होतं 'मेख', म्हणजे जमिनीत ठोकायची खुंटी. आणि प्रल्हादच्या कागदावरही होतं 'मेख'.

"बराबर उत्तर दोघांचं सारखं येतं, त्यात काही न्हाई," सर सावकाश उभे राहत म्हणाले. त्यांचा आवाज एकदम परीक्षेच्या खोलीतला झाला होता. "चूक सारखी आली, की समजायचं मान वळली. दिव्याला मेख कोण म्हणतं? मी म्हणतो. आन तू म्हणतो. माझ्या मागच्या कोपऱ्यात कोण बसलं व्हतं?"

"सर, मी न्हाई बघितलं," प्रल्हाद म्हणाला.

"मंग ही मेख आभाळातून पडली?"

प्रल्हादला काहीतरी सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं की पोराने बघितलं असणार. त्याने लॅपटॉप पिशवीत घातला, अक्कांकडून आपला फोन मागून घेतला, वाकून दोघांना नमस्कार केला आणि गेला. पाच मिनिटांनी आम्ही डब्यातून फोन काढले, तर आमच्या ग्रुपवर 'प्रल्हाद बाहेर पडला' अशी ओळ आलेली. स्वाती मॅडम म्हणाल्या, "सर, तो नसेल तर मला पण उद्यापासून धरू नका," आणि आष्टीची गाडी पकडायला निघून गेल्या. सर म्हणाले, "चोराला पाठीशी घालणारे लई," पण ते कुणाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले नाहीत.

मी निघालो तर अक्का मागोमाग फाटकापर्यंत आल्या. "भाऊजी, ह्यांच्या सभावापायी आमच्या घरी वर्षभर कुणी पाय ठेवत न्हाई. भाऊबंद न्हाई, शाळेतले न्हाई. ह्या पंचवीस दिसांत काय ती माणसं येतात. ते पोरगं तुटलं तर ह्यांचं काही खरं न्हाई. तुम्ही जल्दी काहीतरी करा." अक्कांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी तसाच प्रल्हादच्या घराकडे गाडी वळवली.

तो ओसरीत बाजेवर बसला होता. समोर अंगणाच्या कडेला मेंढरांसाठी वाघर लावलेली होती, म्हणजे मेखा ठोकून त्यांना बांधलेली जाळी. त्याने मला पाणी दिलं. मग जाळीकडे बोट करून म्हणाला, "भाऊ, मेख मी सरांकडूनच उचलली. पण आज न्हाई, सातवीत. सरांनी वर्गात वाघरीचं गणित घातलं व्हतं. एका बाजूला पाच मेखा, तर चारी बाजूंना किती. चारानं गुणा, कोपऱ्याच्या चार वजा करा. मी हात वर केला. म्हणलं, सर, एकच मेख असली तर? आमच्या दारात एका मेखेला बोकड बांधलेला असायचा, म्हणून मनात आलं. वर्ग हसला. सरांना वाटलं, मी टिंगल करून राह्यलो. 'बाहेर उभा राह्य' म्हणले. तास संपेस्तोवर उभा व्हतो." तो जरा हसला. "मंग पुन्हा काही विचारलं न्हाई. सूत्र तेवढं पाठ केलं. ते अजून हातात हाय."

"मग हे तिथेच का सांगितलं नाहीस?"

"सरांना चार माणसांत कसं म्हणू, चूक तुमचीच हाय म्हणून?"

मी परत आलो आणि सरांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता ते विचारणार, सातवी कोणती तुकडी, साक्षीदार कोण, हजेरीपट कुठाय. त्यांनी काही विचारलं नाही. लाल पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "मला आठवत न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण त्यानं विचारलं असंल. विचारायसारखंच हाय ते." बत्तीस वर्षांत आणि त्यानंतर, पुरावा न मागता त्यांनी मान्य केलेली ही मला माहीत असलेली पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. चला म्हणाले. कुठे ते विचारायची गरज नव्हती. प्रल्हादच्या घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. त्याच्या वडिलांची सरांना बघून तारांबळ उडाली. त्यांनी बाज झाडली, घोंगडी अंथरली, "बसा सर, बसा की," म्हणाले. आतून प्रल्हाद लगबगीने बाहेर आला. सर ओसरीच्या खाली, अंगणात, दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"प्रल्हाद, एकच मेख असली तर किती?"

"एक, सर."

"बराबर," सर म्हणाले. "बिलकुल बराबर." आणि हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "तास पस्तीस मिनिटांचा असतो. तू आत जा."

कुणालाच काही कळेना. मला तेवढं कळलं. डिसेंबर असला तरी ऊन चढलं होतं. सर हात मागे बांधून ताठ उभे होते. वडील पाण्याचा तांब्या घेऊन आले, तो त्यांनी नुसता मानेने नाकारला. वडील घाबरून मला म्हणाले, "काय झालं वो सरांना? आमच्या पोरानं काही केलं का?" प्रल्हाद खाली उतरला, हात धरून म्हणाला, "सर, आत या, माझी शपथ हाय." सर म्हणाले, "तास माझा हाय. मधी बोलायचं न्हाई." साडेदहा वाजले, कोडं उघडलं, आणि सर उघडल्या क्षणी तिथे नव्हते, हे पहिल्यांदाच घडलं. प्रल्हादला आत जाववेना. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला, आणि दोघं तसेच समोरच्या उघड्या दाराकडे बघत उभे होते. पस्तीस मिनिटं झाल्यावर सर ओसरीवर चढले, घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "हं, आजच्या पोस्टमननं काय घोळ घातला, वाच."

त्या वर्षीची उरलेली कोडी आम्ही चौघांनी मिळून सोडवली. प्रल्हाद ग्रुपवर परत आला, मॅडमही आल्या. त्यानंतर आणखी दोन वर्षांचे डिसेंबर येऊन गेले. सरांचा संशय जिथल्या तिथे आहे. दोन घड्याळं आहेत, पोह्यांचा डबा आहे, मॅडमचा उजवा हात रोज विचारला जातो. फक्त प्रल्हादचा कागद ते तपासत नाहीत. न बघता बाजूला ठेवतात. गेल्या डिसेंबरात एका रविवारी मंठ्याच्या चौकात चहा पिताना प्रल्हाद मला म्हणाला, "भाऊ, सर सगळ्यांचं बघतात, माझंच बघत न्हाईत. आधी राग यायचा, आता करमत न्हाई. अजून मनात काही हाय का त्यांच्या?"

मी सरांना विचारलं. आम्ही दोघंच बैठकीत होतो, कागदांचा गठ्ठा समोर पडला होता. सर खूप वेळ प्रल्हादच्या कागदाकडे, तो पालथाच असताना, बघत राहिले.

"त्याच्यावर संशय न्हाई वो," ते म्हणाले. "भीती वाटते. त्याच्यात माझी आणखी कोणती चूक निघंल, काय सांगावं." मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "बत्तीस वर्षं शिकवलं, साडूभाऊ. गावात रोज कुणी ना कुणी भेटतं, सर म्हणून पाया पडतं. मी आपला बघत बसतो, ह्यानं काय विचारलं असंल आन मी ह्याला बाहेर काढलं असंल."

त्यांनी चष्मा पुसला, प्रल्हादचा कागद तसाच उचलून खिशात ठेवला आणि माझा कागद तपासायला घेतला.